नाच्या, नपुंसक, तृतीयपंथी : भंडारा परिसराच्या निमित्ताने काही संज्ञांचा इतिहास

१

दिवाळी सरली, धान कापणीला आले, की वैनगंगा आणि चुलबंदच्या काठच्या गावांत मंडईचे दिवस सुरू होतात. मंडईत दुकाने लागतात, पाहुणे येतात, आणि दंडार किंवा खडी गंमत रात्रभर चालते. भंडारा जिल्हा आणि १९९९ मध्ये त्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा हे ज्या झाडीपट्टीचे भाग आहेत, तिच्या या लोककलांचा आणि झाडीबोलीचा अभ्यास साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी चिकाटीने उभा केला. त्यामुळे या रंगपरंपरेकडे केवळ करमणूक म्हणून पाहण्याची सवय अभ्यासकांना सोडावी लागली. या परंपरेत स्त्रीपात्र पुरुषाने वठवायचे, लुगडे नेसून, दागिने घालून, भर सभेत नाचायचे, हा शिरस्ता होता. खडी गंमतीतील अशा नटाला 'नाच्या' म्हणतात.

'नाच्या' हा शब्द व्याकरणदृष्ट्या कर्तृवाचक आहे; जो नाचतो तो नाच्या. तो पुरुष आहे की स्त्री, त्याला कोणाविषयी ओढ वाटते, तो स्वतःला काय समजतो, यांपैकी कशाचेही उत्तर हा शब्द देत नाही. ते देण्याचे त्याला कारणही नव्हते. लिंगभाव आणि लैंगिक कल यांविषयीच्या मराठी संज्ञांचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने या शब्दापासून आरंभ करणे म्हणूनच सोयीचे ठरते. कारण या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न असा आहे की, एखादी कृती, एखादी भूमिका किंवा एखादे शरीरलक्षण यांचे नाव हे माणसाचे नाव केव्हा आणि कोणाच्या हातून होते? हा प्रश्न केवळ शब्दकोशाचा नाही. ज्याला नाव नाही त्याला आत्मकथन करता येत नाही. आणि ज्याला दुसऱ्याने दिलेलेच नाव आहे त्याला ते करताना आधी त्या नावाशी झगडावे लागते.

२

भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या देखरेखीखाली उत्खनन केले. त्यातून मौर्यकाळापर्यंत मागे जाणाऱ्या बौद्ध स्तूपाचे अवशेष आणि ब्राह्मी लिपीतील दानलेख उजेडात आले. जेथे संघ होता तेथे विनय होता. आणि विनयाच्या नियमांत प्रव्रज्येस कोण अपात्र, हे सांगताना दोन संज्ञा येतात : 'पंडक' आणि 'उभतोब्यंजनक'. पहिलीचा अर्थ टीकाकारांनी अनेक प्रकारांनी लावला आहे. त्यात शरीराची उणीव आहे, तसा कामनेचा विशेषही आहे. दुसरीचा अर्थ तुलनेने स्पष्ट आहे : ज्याच्या देही दोन्ही चिन्हे आहेत असा. या संज्ञा वगळण्यासाठी घडल्या, हे विसरता येणार नाही. परंतु त्याच विनयात असाही प्रसंग येतो की, एका भिक्षूच्या ठिकाणी स्त्रीचिन्ह प्रकट होते, आणि त्याला संघाबाहेर न काढता, मूळ उपसंपदा व ज्येष्ठता कायम ठेवून भिक्षुणीसंघात जाण्याची अनुज्ञा मिळते. एकाच ग्रंथात वर्जन आणि समावेश शेजारी नांदतात, ते संज्ञा वेगळ्या असल्यामुळे. जेथे भेद करणारे शब्द आहेत तेथे निर्णयही भेद करून घेता येतो.

प्राचीन भारतीय ज्ञानव्यवहारात अशा भेदांची वाण नव्हती. कामसूत्रात 'तृतीया प्रकृति' ही संज्ञा येते आणि तिचे स्त्रीरूपिणी व पुरुषरूपिणी असे दोन प्रकार सांगितले जातात. याचा अर्थ, बाह्य रूप आणि कामप्रवृत्ती यांचा मेळ एकच एक असतो, असे वात्स्यायनाने गृहीत धरलेले नाही. याहून सूक्ष्म मांडणी जैनांची आहे. स्त्रीवेद, पुरुषवेद आणि नपुंसकवेद असे कामनेचे तीन प्रकार जैन कर्मसिद्धांतात आहेत, आणि त्यांच्या जोडीला द्रव्य आणि भाव असा भेद आहे. द्रव्याने पुरुष असलेला जीव भावाने अन्य असू शकतो, ही शक्यता तेथे तत्त्वतः मान्य झाली. स्त्रियांना मोक्ष आहे की नाही या श्वेतांबर, यापनीय आणि दिगंबर वादात हा भेद पुनःपुन्हा पणाला लागला. विसाव्या शतकात पाश्चात्त्य मानसशास्त्राने शरीरलिंग, लिंगभाव आणि कामनेची दिशा या तीन गोष्टी वेगळ्या केल्या, तेव्हा ती विभागणी मराठी वाचकाला परकी वाटली. तिच्याशी नाते सांगणारी विभागणी आपल्याकडे एका दर्शनात आधीच होती, याचा मात्र विसर पडलेला होता. दोन्हींची प्रयोजने भिन्न आहेत : जैनांना मुक्तीचा अधिकार ठरवायचा होता, आधुनिकांना व्यक्तीची ओळख. म्हणून एकीला दुसरीचे पूर्वरूप म्हणणे घाईचे होईल.

व्याकरणाची वाट निराळी. पतंजलीने महाभाष्यात लिंगाची चर्चा करताना शरीरचिन्हांवरून शब्दाचे लिंग ठरवण्यातील अडचणी दाखवल्या. खाटेला आणि झाडाला शरीरचिन्हे कोठली? शब्दाचे लिंग आणि देहाचे लिंग ही वेगळी, हे वैयाकरणांना ठाऊक होते. पण लोकव्यवहारात 'नपुंसक' हा शब्द दोन्हीकडे चालला. शाळेत मुलाला प्रथम 'नपुंसकलिंग' भेटते ते फूल, घर, पुस्तक यांच्या निमित्ताने, आणि पुढे तोच शब्द शिवी म्हणून भेटतो. मराठीने नपुंसकलिंग जिवंत ठेवले आहे, हिंदीने ते टाकले. म्हणून या द्व्यर्थाचा भार मराठीवर अधिक आहे.

३

नागपूरच्या भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर भंडारा इंग्रजी अंमलाखाली गेला आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताचा भाग झाला. १८६० ची भारतीय दंडसंहिता १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. तिच्या ३७७ व्या कलमाने 'निसर्गक्रमाविरुद्ध' संभोगाला शिक्षा ठेवली. लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, या कलमात कोणत्याही माणसाचे नाव नाही. आहे ते कृतीचे. ज्या युरोपातून हा कायदा आला तेथेही व्यक्तीचा प्रकार सांगणारा शब्द अजून घडायचा होता. 'होमोसेक्शुअल' ही संज्ञा कार्ल-मारिया केर्टबेनी या लेखकाने १८६९ मध्ये छापील स्वरूपात आणली, आणि तीही अशा कायद्याचा निषेध करणाऱ्या पत्रकात. मिशेल फुको याने १९७६ मध्ये मांडलेले सूत्र, एकोणिसाव्या शतकात निषिद्ध कृतीचे रूपांतर माणसाच्या एका जातीत झाले, हे येथे आठवते. वसाहतीत मात्र हा क्रम जसाच्या तसा घडला नाही. येथे माणसांच्या जाती मोजण्याचे काम आधीच सुरू होते.

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा त्याचे उदाहरण होय. त्याच्या दुसऱ्या भागात, प्रामुख्याने उत्तर हिंदुस्थानातील प्रांतांसाठी, ज्यांना कायद्याने 'युनक' म्हटले त्यांची नोंदवही ठेवण्याची तरतूद होती. या शब्दाची व्याख्या केली गेली ती नपुंसकत्वाच्या कबुलीवर किंवा वैद्यकीय तपासणीवर. परंतु गुन्हा ठरवला गेला तो निराळाच : नोंद झालेल्या व्यक्तीने स्त्रीवेष करून सार्वजनिक रस्त्यावर दिसणे, नाचणे, वाजवणे. व्याख्या देहाची, शिक्षा वेषाची. मंडईतल्या नाच्याशी याची तुलना केली म्हणजे संज्ञेचे सामर्थ्य कळते. लुगडे नेसून सार्वजनिक ठिकाणी नाचणारा पुरुष ही एकच घटना. ती 'नाच्या' या शब्दाखाली आली तर गावाची करमणूक आणि नोंदवहीतल्या शब्दाखाली आली तर कैदेस पात्र अपराध. घटनेत काहीच बदलत नाही, बदलते ते नाव, आणि ते नाव देण्याचा अधिकार.

मध्य प्रांतात हे नोंदींचे काम प्रामुख्याने वर्णनाच्या रूपाने झाले. भंडारा जिल्ह्याचे १९०८ चे गॅझेटियर संपादित करणाऱ्या आर. व्ही. रसेल यांनीच रायबहादूर हिरालाल यांच्या साहाय्याने मध्य प्रांतातील जाती-जमातींचा चार खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कुणबी, पोवार, कोष्टी यांच्याच पंक्तीला 'हिजडा' ही नोंद आहे, आणि पर्यायी नाव म्हणून 'खसुआ' हा शब्द दिलेला आहे. वर्णानुक्रमाने लावलेल्या जातींच्या यादीत हा समाज जात म्हणून बसवला गेला. गुरू-चेल्यांच्या परंपरेने बांधलेल्या समुदायाला जात म्हणणे ही चूक खरी. पण त्या चुकीत एक अर्धसत्यही होते, ते असे की, 'हिजडा' हे नाव देहापेक्षा समुदायाचे आहे. घराणे, गुरू, रीत आणि बोली यांच्यासह ते येते. एकटा माणूस हिजडा नसतो, तो हिजडा होतो.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात, ज्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची, हिजडा, नपुंसक, षंढ, बायल्या हे शब्द सापडतात. बोलीतून आलेले, संस्कृतातून आलेले आणि हिंदुस्थानीतून आलेले हे शब्द कोशात एका पातळीवर आले, आणि त्यांच्यातील भेद पुसट होत गेले. संततीची अक्षमता, देहाची जन्मजात ठेवण, स्त्रैण वागणे आणि समुदायाचे सदस्यत्व या चार भिन्न गोष्टी पुढील शतकभर मराठीत एकमेकींच्या जागी वापरल्या गेल्या. मराठी समीक्षाही त्याला अपवाद नाही. निःसत्त्व लेखनाला 'नपुंसक' म्हणणे, हळव्या कवितेला 'बायकी' म्हणणे आणि जोरकस शैलीला 'पौरुष' बहाल करणे, हे समीक्षेच्या परिभाषेत इतके मुरलेले आहे की त्यातील रूपक दिसेनासे झाले. महाभारतातील शिखंडीचे नाव राजकीय व्यासपीठांवर शिवी म्हणून उरले, तेही याच क्रमाने.

४

आधुनिक मराठीत या विषयाला प्रथम निःसंकोच गद्य मिळाले ते र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात. १९२७ ते १९५३ या काळात चाललेल्या या मासिकाने वाचकांच्या लैंगिक शंकांना सरळ उत्तरे दिली. अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये झालेल्या अश्लीलतेच्या खटल्यात कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले. खटला हरला, दंड झाला. परंतु समलिंगी आकर्षणाविषयी लिहिणे म्हणजेच अश्लीलता नव्हे, हा युक्तिवाद मराठी मुलखातील एका न्यायालयात तेव्हा उभा राहिला. (हेच आंबेडकर पुढे १९५४ मध्ये भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले, आणि तेथेही हरले.) कर्व्यांची भाषा शरीरशास्त्राची होती. तिने लाज काढून टाकली, पण अनुभवाला स्वतःचा स्वर देणे हे तिचे काम नव्हते.

तो स्वर साहित्यात उशिरा आणि आडवळणाने आला. संत काव्यातील विरहिणी आणि गवळणी यांत पुरुष कवी स्त्रीच्या मुखाने बोलतो. बालगंधर्वांच्या युगात 'स्त्रीपार्टी' नट मराठी स्त्रीच्या नेसण्याचा आदर्श ठरतो. या दोन्हींना समाजाने मान दिला, कारण दोन्हीकडे कवी आणि नट वेष उतरवून परत पुरुष होतात, असा अलिखित करार होता. सतीश आळेकरांच्या 'बेगम बर्वे'ने १९७९ मध्ये आणि आनंद यादवांच्या 'नटरंग'ने १९७८ मध्ये हा करार मोडला तर काय होते, ते दाखवले. 'नटरंग'मधील गुणा राजाची भूमिका करण्याची आस धरतो, फडाच्या गरजेपोटी नाच्या होतो, आणि मग लोक त्याला रंगमंचाबाहेरही नाच्याच ठरवतात. कर्तृवाचक शब्द येथे जातिवाचक होतो. झाडीपट्टीत खडी गंमतीच्या नाच्याला जे नाव कामापुरते मिळते, ते गुणाला जन्मभर चिकटते. राजन गवस यांनी 'भंडारभोग'मध्ये जोगत्याचे जगणे मांडले. तेथील नाव देवीच्या सेवेचे आहे, ते देवीने दिले असे मानले जाते, आणि म्हणून ते नाकारण्याची सोय नाही.

विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' या १९८१ च्या नाटकात संज्ञेचा प्रश्न शीर्षकातच दडलेला आहे. 'मित्राची' हे 'मित्र' या पुल्लिंगी नामाचे षष्ठीचे रूप आहे, आणि सुमित्राचे लाडके नाव जे 'मित्रा', त्याचेही तेच रूप आहे. सामान्यरूपात लिंग लपते. स्त्रीवर प्रेम करणाऱ्या या स्त्रीची गोष्ट बापू सांगतो, ती स्वतः नव्हे. मराठीत १९८१ मध्ये तिच्याजवळ स्वतःसाठी उच्चारता येईल असा शब्द नव्हता, हे नाटकाच्या रचनेतूनच सूचित होते.

५

आज प्रचलित असलेल्या संज्ञांकडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. स्त्री-अभ्यासाच्या चळवळीने विसाव्या शतकाच्या अखेरीस 'लिंगभाव' हा शब्द रुळवला. त्यातील 'भाव' हा घटक भाग्याचा आहे. भरताच्या रसचर्चेशी आणि जैनांच्या भाववेदाशी त्याचे नाते लावता येते, आणि देहापासून त्याचे अंतरही स्पष्ट राहते. 'समलिंगी' या शब्दाची घडण संबंधवाचक आहे. 'सम' म्हणायला दोन वस्तू लागतात, म्हणून समलिंगी संबंध म्हणता येतो, पण एकट्या माणसाला ते विशेषण लावताना भाषा अडखळते; 'समलैंगिक' या रूपाने ही अडचण काहीशी कमी होते. पुण्यात २००२ मध्ये स्थापन झालेल्या 'समपथिक' या संस्थेने आणि तिचे संस्थापक बिंदुमाधव खिरे यांच्या लेखनाने या शब्दांना मराठी वाक्यात वावरायला शिकवले. 'लैंगिक कल' यातील 'कल' हा शब्द सुटसुटीत, बोलीतला. पण मतमोजणीच्या दिवशी तासातासाला बदलतो तोही कलच. जे सहसा इच्छेने बदलत नाही त्यासाठी बदलत्या गोष्टीचे नाव, असा हा पेच आहे. 'अभिमुखता' अचूक आहे, परंतु पुस्तकी.

'तृतीयपंथी' हा शब्द विशेष विचार करण्याजोगा. 'पंथ' म्हटले की मराठी मनाला नाथपंथ, महानुभाव पंथ आठवतो. पंथ जन्माने मिळत नाही, दीक्षेने मिळतो. या अर्थाने 'तृतीयपंथी' हा शब्द देहाची उणीव सांगत नाही, चाललेली वाट सांगतो. 'नपुंसक' या नकारातून भाषेने मिळवलेली ही सुटका आहे. पण पंथाला गुरू लागतो. घराण्यात न गेलेला, गावातच राहू इच्छिणारा, किंवा स्त्री म्हणून जन्म नोंदला गेलेला पण स्वतःला पुरुष समजणारा माणूस या पंथात कोठे बसतो? शिवाय 'तृतीय' म्हणताच पहिला आणि दुसरा यांचा क्रम मान्य होतो. जी व्यक्ती स्वतःला निःसंदिग्धपणे स्त्री म्हणते, तिला तिसरे म्हणणे हे तिचे म्हणणे नाकारणेच होय. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनाच्या शीर्षकात 'हिजडा' हा जुनाच शब्द प्रथमपुरुषी सर्वनामापुढे ठेवला. शिवी 'मी'च्या शेजारी बसली की तिचा अर्थ पालटतो, हे त्या शीर्षकाने दाखवले.

राज्यसंस्थेची परिभाषा या काळात वेगाने बदलली. २०११ च्या जनगणनेत स्त्री-पुरुषांखेरीज 'इतर' हा रकाना होता. त्यात देशभरात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ नोंदी झाल्या. १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचा लिंगभाव स्वतः ठरवण्याचा अधिकार मान्य केला, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेज सिंह जोहर खटल्यात प्रौढांचे संमतीचे संबंध ३७७ व्या कलमातून बाहेर काढले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्या कलमाला जागाच उरली नाही. मात्र २०१९ च्या अधिनियमाच्या हिंदी शीर्षकात 'ट्रान्सजेंडर'साठी 'उभयलिंगी' हा शब्द योजला गेला. पुंकेसर व स्त्रीकेसर एकत्र असलेल्या फुलाला शास्त्राच्या पुस्तकांत उभयलिंगी म्हणतात; दोन्ही लिंगांच्या व्यक्तींविषयी ओढ वाटणाऱ्यासाठीही याच्या जवळचाच 'उभयलैंगिक' हा शब्द आहे. पवनीच्या संघाला विनयातून ज्ञात असलेल्या 'उभतोब्यंजनक' या देहवाचक संज्ञेचा अर्थ अडीच हजार वर्षांच्या प्रवासानंतर अशा माणसांवर येऊन पडला, ज्यांचे सारे म्हणणेच देहचिन्हावरून आम्हांला ओळखू नका, असे आहे. त्याच अधिनियमाच्या व्याख्येत किन्नर, हिजडा, अरावनी यांच्यासह 'जोगता' हा शब्दही आला. कायद्याने देहवाचक, समुदायवाचक आणि सेवावाचक नावे एका ओळीत बसवली, ज्याप्रमाणे कोशाने एके काळी बसवली होती.

१९५६ पर्यंत मध्य प्रदेशात असलेल्या आणि आजही बालाघाटला खेटून असलेल्या भंडाऱ्यात हिंदीतला 'किन्नर' आणि मराठीतला 'तृतीयपंथी' हे दोन्ही शब्द कानी पडतात. एक पुराणातील स्वर्गीय गायकांचा, दुसरा पंथाचा. दोन्ही आदरार्थी आहेत. पण दोन्ही दुसऱ्याविषयी बोलताना अधिक सोयीचे आहेत. मद्रास उच्च न्यायालयाच्या निर्देशावरून तामिळनाडूने २०२२ मध्ये अशा संज्ञांचा अधिकृत कोश प्रसिद्ध केला. त्यामागे संबंधित समुदायांशी झालेला विचारविनिमय होता. मराठी परिभाषेची परंपरा जुनी असूनही या दिशेने असे काम व्हायचे आहे.

६

नामांच्या चर्चेत क्रियापद दुर्लक्षित राहते. मराठीत 'मी आलो' किंवा 'मी आले' यांपैकी एक निवडल्याविना भूतकाळाचे साधे वाक्य पुरे होत नाही. ज्याला आपले नाव सांगायचे नाही, त्यालाही आपले लिंग सांगावेच लागते. तथापि भाषा दिसते तितकी कठोर नाही. कोल्हापूरकडे स्त्रिया 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात आणि त्यामुळे त्यांच्या स्त्रीत्वाला बाध येत नाही. 'ते लेकरू आलं' म्हणताना नपुसकलिंगात माया असते, हेटाळणी नसते. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुस्वार गेल्यावर लेखी मराठीत 'ते आले' हे आदरार्थी अनेकवचनही आहे आणि नपुंसकलिंगी एकवचनही. छापील पानावर आदर आणि अन्यत्व यांची रूपे एक झाली आहेत. याचा उपयोग कोणी मुद्दाम करून घेतलेला नाही. पण तो करून घेता येईल.

संज्ञेची कसोटी तिच्या व्युत्पत्तीत किंवा शासकीय मान्यतेत शोधून भागणार नाही. ती शोधावी लागेल वाक्यात, आणि तेही प्रथमपुरुषी वाक्यात. विनयाने, कोशाने, नोंदवहीने आणि अधिनियमाने दिलेली सगळी नावे तृतीयपुरुषी होती. मंडईत नाच्या सकाळी लुगडे सोडतो तेव्हा त्याला त्याचे गावातले नाव परत मिळते. ज्याला ते लुगडे सोडायचे नाही, त्याला गावातच, गावच्या बोलीत, कोणते नाव मिळावे, हा प्रश्न मराठी परिभाषेपुढे अजून उभा आहे, आणि त्याचे उत्तर कोशकारांच्या आधी त्या माणसाला विचारणे भाग आहे.